दगडावर काढलेले दगड

ऑइलपेंटचा वास आला की मला आमच्या गल्लीतलं महादेवाचं देऊळ आठवतं. अख्खं काळ्या दगडाचं. बाहेर सोलापूर तापलेलं असलं तरी आत पाय ठेवला की गार वाटायचं. एका वर्षी श्रावण जवळ आला तसं देवस्थान समितीनं त्याला रंग द्यायचं ठरवलं. मी अध्यक्षांना सांगून पाहिलं, की दारावरच्या दगडात जुना कानडी लेख कोरलाय, रंग बसला की अक्षरं बुजतील. "तुमाला वाचता येतंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. "आमी घरात कानडी बोलतो, मलाबी येत न्हाय. मग अडलंय कुटं?" आठवड्यात देऊळ पिस्ता रंगाचं झालं. बायका म्हणू लागल्या, दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय, दगडाची शोभा गेली. तेव्हा अध्यक्षांनी पेंटरला परत बोलावलं, वर राखाडी रंग मारला आणि त्यावर पांढऱ्या रेघांनी दगड काढून घेतले. सगळे अठरा बाय नऊ इंचांचे. खालचा एकही दगड त्या मापाचा नव्हता. "आता कसं दगडी वाटतंय की," ते मला म्हणाले. हल्ली भिंतींना ओल येते, रंगाला फुगे धरलेत. परवा मी पुन्हा विषय काढला, की रंग उतरवू या, लेख अजून शाबूत असेल. आताचे अध्यक्ष त्यांचेच चिरंजीव, लहानपणापासून रंगवलेलंच देऊळ पाहिलेले. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "उतरवू की काका. पण खाली दगड हाय, हे नक्की का?"