वामनराव सायकलनं धारवाडला गेले तेव्हा

किस्से काही जमवायला जावं लागत नाही हो, नळावर आपोआप साठतात! आमच्या मल्लेश्वरमच्या वठारात, म्हणजे एका रांगेतल्या सात बिऱ्हाडांत, नळ एकच, आणि तो माझ्या दारासमोर. कुणाकडं काय चाललंय ते मला विचारावं लागत नाही. तरी मी विचारते, ते सोडा! त्यातले निम्मे किस्से शेजारच्या वामनरावांचे आणि त्यांच्या सायकलचे.

*

वामनराव सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. वय बेचाळीस, पोट जरा पुढं. एकदा सकाळी म्हणाले, "अक्का, या सुट्टीत धारवाडला ताईकडं चाललोय. सायकलनं. सव्वाचारशे किलोमीटर, एकटाच!"

त्यांची बायको इंदू कळशी भरत होती. "का? रेल्वेचे रूळ कुणी उपटून नेले काय?"

दोन दिवस घरात धुसफुस. तिसऱ्या दिवशी इंदूनं नळावर सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जा खुशाल! पण जाताना नाहीतर येताना एकदा जरी रेल्वेत पाय ठेवलात, तर सायकल दूधवाल्या रामण्णाला!"

वामनराव म्हणजे सायकलला रोज फडक्यानं पुसणारा माणूस. तरी छाती काढून म्हणाले, "कबूल!"

रामण्णा माप घेऊन तिथंच उभा. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना जरा जास्तच दूध घातलं!

*

तेव्हापासून रामण्णा आला की आधी सायकलचे टायर दाबून बघायचा, मग दूध घालायचा.

"स्वल्प सीट खाली करावी लागेल, अक्का. मी बुटका."

"अरे, ते अजून निघालेसुद्धा नाहीत!"

"सरी, सरी, बरंय. निघू देत की. मला कुठं घाई आहे?"

*

निघायच्या दिवशी इंदूनं कॅरियरला काय काय बांधलं! दशम्या, शेंगाचटणी, लोणच्याची बरणी, सतरंजी, तांब्या, पाय चोळायला तेलाची बाटली. तोंडानं मात्र चालूच, "मला काय त्याचं!"

वामनराव टाटा करून कोपऱ्यावरून वळले आणि मागच्या गल्लीनं थेट माझ्या परसदारी!

"अक्का, एवढं ठेवून घ्या. बरणी, सतरंजी, तांब्या. तिला कळू देऊ नका."

मी कशाला सांगते? पण संध्याकाळी इंदू आली, आणि फळीवर तिचीच बरणी! 

मग हळूच म्हणाली, "तेलाची बाटली तरी नेली ना?"

"नेली."

"मग झालं," म्हणाली आणि बरणी उचलून घरी गेली.

*

बाराव्या दिवशी संध्याकाळी घंटी वाजवत वामनराव फाटकातून आत! काळेठिक्कर पडलेले, ओठ फुटलेले, पोट निम्मं. वठारानं हार घातला. रामण्णाचं तोंड तेवढं बघवत नव्हतं.

मी कॉफी दिली आणि शेवटच्या दिवसाचं विचारलं.

"काय सांगू अक्का! सिरा गावाहून उजाडताच निघालो. वारा समोरून. उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं! त्यात बाभळीच्या काट्यानं दोन पंक्चर. दुसऱ्याच्या वेळी पंपसुद्धा मारवेना. पुढं तर सायकलला टेकून नुसता चालत होतो."

एका झोपडीपाशी बसले. म्हातारीनं ताक दिलं आणि कन्नडात विचारलं, "बायकोशी भांडून निघालास काय रे?"

"वाटेत जो तो हेच विचारायचा, अक्का! नाही म्हणून कंटाळलो होतो. म्हटलं, हो. तर ती इंदूला जे बोलायला लागली! मला ऐकवेना. लोटा खाली ठेवला आणि म्हटलं, 'अज्जी, माझी बायको लाखात एक आहे!' तर म्हणते, 'मग इथं काय करतोस? घरी जा!'"

इंदू दाराआडून ऐकत होती. पदर तोंडाला लावून आत पळाली.

"मग?" मी विचारलं.

"मग तुमकूर आलं."

"आणि तुमकूरनंतर?"

वामनराव कपाच्या तळाशी बघत राहिले. "नंतर... आलो."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं वठार नळावर. रामण्णा आला, पण सायकलचं नाव काढीना. तेवढ्यात वामनरावच सायकल घेऊन बाहेर आले. लख्ख पुसलेली. हँडल रामण्णाच्या हातात दिलं.

"घे. तुझी."

सगळे बघतच राहिले!

"तुमकूरला पाय उचलेनात. स्टेशनात गाडी उभी होती. सायकलसकट इथल्या यशवंतपूरपर्यंत रेल्वेनं आलो, तिथून पुढं सायकलवर बसलो. आणि वर तुमच्याकडून हार घालून घेतला!"

माझी कळशी भरून वाहत होती. नळ बंद करायचं कुणाला सुचेना.

इंदू दुधाचं भांडं घेऊन पुढं आली. "रामण्णा, सायकल भिंतीला लाव आणि दूध घाल. ऊन लागलंय यांना. काहीही बोलतायत."

"अगं, खरंच! हे बघ तिकीट. स्टेशनच्या गेटवर कुणी घेतलंच नाही!"

इंदूनं तिकीट हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. आणि दारातल्या पेटत्या बंबात टाकलं.

"पाणी तापलंय," ती म्हणाली. "अंघोळीला चला."