ध्रुवावरचं पान

प्रयोगशाळेत पर्स उघडली तर आत निंबाचं पान सापडलं. ते बोटांत चुरगळलं आणि त्या कडू वासासरशी मी आटपाडीला, आमच्या दारात पोचले.

माझे वडील, आबा, मेंढपाळ. अनोळखी झाडपाला दिसला की आधी पान चोळून वास घ्यायचे, मगच मेंढरांना तोंड लावू द्यायचे. काही वर्षांपूर्वी मी दक्षिण ध्रुवाकडून अभ्यासासाठी आलेला एक दगड त्यांना दाखवायला नेला होता. त्यावर पानाचा ठसा होता. त्यांनी सवयीनं अंगठा घासला, दगड नाकाशी धरला.

"वास न्हाई गं याला."

मी सांगितलं, अशी करवतीसारखे दाते नसलेली, गुळगुळीत कडांची पानं जिथं जास्त सापडतात, तिथं कधीकाळी ऊब होती, रान होतं. आता नुसता बर्फ आहे.

"मग रान गेलं कुठं?"

"गारठा वाढत गेला, आबा. मेलं सगळं."

"झाडाला पाय न्हाईत," ते म्हणाले. "आपलं तसं न्हाई. हितला चारा सरला की मेंढरं घिऊन कराडकडं निघायचं."

त्यांचा तो भरवसा मला तेव्हा फार आवडला होता.

आता कराडपर्यंत ऊसच ऊस आहे. मेंढरं उतरवायला पडीक रान उरलं नाही, इकडचं ऊन तर दरवर्षी चढतंच आहे. कळप विकला. आबा दिवसभर दारातल्या निंबाखाली बसून असतात. परवा मी त्याच निंबाचं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चोळलं, नाकाशी धरलं आणि मला परत दिलं.

"वास न्हाई गं याला."

माझ्या बोटांना तो अजून येतोय.