सुंदराक्का नवंच ऐकायच्या

अंबुजाचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, कारखान्याच्या गेटाशी गाडी लावून आत बसून होतो. एक नवा अल्बम संपत आला होता, आणि तो पुरा ऐकूनच आत जायचं ठरवलं होतं. "अण्णा, अम्मा गेली," ती म्हणाली. "दुपारीं जेवून निजली, काप्पी प्यायला हाक मारिली तर उठली नाहीं..." फोन आल्यावर गाडीतलं गाणं आपोआप थांबलं होतं, तो ठेवताच ते जिथे थांबलं होतं तिथून आपोआप पुढे सुरू झालं. मला ते बंद करायचंही सुचेना. त्या गाण्याबद्दल काय काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो, आणि ज्यांच्यासाठी जुळवत होतो त्याच आता नव्हत्या.

सुंदराबाई, म्हणजे आमच्या सुंदराक्का, कुंभकोणममध्ये चष्म्याचं दुकान चालवायच्या. मोठ्या तलावाकडून निघणाऱ्या एका अरुंद गल्लीत, पितळेच्या भांड्यांची दोन दुकानं आहेत, त्यांच्या मधोमध. मी भाताच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत होतो आणि काही वर्षांसाठी तिकडे गेलो होतो. तमिळ येत नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. एक दिवस चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला म्हणून त्या दुकानात शिरलो, तर आत जे वाजत होतं ते ऐकून दारातच उभा राहिलो. कुठल्याशा थंड बेटावरच्या दोन बहिणींचा, पियानो आणि कुजबुजीसारखं गाणं असलेला अल्बम. तो आला होता त्याच आठवड्यात. अख्ख्या कुंभकोणममध्ये तो ऐकणारा मी एकटाच असणार अशी माझी समजूत होती. गल्ल्यावर दोन्ही नाकपुड्यांत चमकी घातलेल्या, साठीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी हातानंच थांबायची खूण केली. तेवढ्यात घरून फोन आला, मी मराठीत दोन शब्द बोललो, आणि त्यांनी मान वर केली. "मराठे का तुम्ही? बैसा. हें गाणें संपूं दे, मग स्क्रू लावितें."

एखादी जुनी बखर वाचत असताना तिच्यातलं माणूस उठून आपल्याशी बोलायला लागावं, तसं मला झालं. तंजावूरच्या मराठे राजांच्या काळात त्यांचं घराणं तिकडे गेलं ते तिथलंच झालं. घरात ही मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझ्या मराठीची त्यांनाही गंमत वाटायची. "तूं बोलतोस तें पेपरांत छापिल्यासारखें वाटतें," असं म्हणायच्या. दुसऱ्या भेटीत मी 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, झालो, आणि अहोजाहो संपलं.

मग कधीतरी मी विचारलं की या वयात, या गावात, तुम्हाला ही असली नवी गाणी कशी सापडली. त्यांनी काच पुसत पुसत सांगितलं. दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं, व्यंकटरावांचं. त्यांना गाण्याचं वेड. कॅसेटींनी घराची एक भिंत भरली होती. कर्नाटक संगीत, नागस्वरम, गझल, पाश्चात्त्य वाद्यवृंद, जे मिळेल ते आणायचे आणि नवराबायको मिळून ऐकायचे. ते गेले, आणि अक्कांना त्यातलं काहीच लावता येईना. "कुठलेंहि लावलें तरी ते शेजारीं बैसलेलेच," त्या म्हणाल्या. "मग मीं ठरविलें, जें त्यांनीं ऐकिलें नाहीं तेंच ऐकायचें. तेथें मी एकटी गेलें तरी चालतें." त्यानंतर निघालेलं, तेच त्या ऐकायच्या. त्यांच्या मुलीनं, अंबुजानं, त्यांना फोनवर शोधायला शिकवलं, आणि जगभर काय नवीन निघतंय याची खबर त्या माझ्यापेक्षा आधी ठेवू लागल्या.

आमचा मंगळवार ठरून गेला. दुपारी उन्हामुळे गिऱ्हाईक नसायचं, शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं. अंबुजा वरच्या मजल्यावर डोळे तपासायची, तिच्याकडे एखादा पेशंट जिना चढून जायचा तेवढाच. एका मंगळवारी अल्बम मी आणायचा, पुढच्या वेळी अक्कांनी. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायचा, मधलं काही गाळायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. भांडण नंतर. आणि भांडण व्हायचंच. मला तेव्हा प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची सवय होती. हे जॅझ, हे डब, हे लोकसंगीत, हे जॅझच्या अंगाने गेलेलं लोकसंगीत. अक्का ऐकून घ्यायच्या आणि भिंतीवरच्या फ्रेमांकडे बोट दाखवायच्या. "हे बघ. पुरुषांचे इकडे, बायकांचे तिकडे, पोरांचे खालीं. मींच लाविले आहेत, गिऱ्हाइकाला सोपें जावें म्हणून. पण नाकाला काय ठाऊक, कोठल्या फळीवरचा आहे?" मी म्हणायचो, फळ्याच नसल्या तर माणसाला त्याच्या नाकाचा चष्मा सापडणार कसा? त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की हा मुद्दा बरा आहे, पण मान्य करणार नाही.

चेन्नईतल्या चार पोरांचा एक अल्बम त्यांनी आणला होता, परैच्या, म्हणजे तिकडच्या हलगीच्या, ठेक्यावर संतापून बोललेली गाणी. मला तो आरडाओरडा वाटला. त्यांनी मला एकेका ओळीचा अर्थ मराठीत करून सांगितला, आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज चढला. मी वाळवंटातल्या गिटारवाल्यांचा अल्बम नेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "उंटावर बैसून कोठेंहि न पोहोंचणारें गाणें आहे. मज आवडलें." कधी त्या चिडून पुढचा मंगळवार रद्द करायच्या, आणि सोमवारी संध्याकाळी निरोप यायचा. निरोप मराठीत, पण तमिळ अक्षरांत. त्यांना देवनागरी वाचता यायची, लिहायचा कंटाळा. त्या निरोपांपायी मी तमिळ लिपी शिकलो.

दोनेक वर्षांनी त्यांची आवड बदलू लागली. बासरी नको झाली, व्हायोलिन नको झालं. त्या दोन बहिणींचा दुसरा अल्बम आला तो मी केवढ्या हौसेनं नेला, तर म्हणाल्या, "पातळ जालें आहे. पहिल्यासारखें राहिलें नाहीं." त्यांना आता खर्जातलं आवडायचं. मोठा उभा बास, तविलसारखा ढोल, पोटात घुमणारे इलेक्ट्रॉनिक ठोके. मी त्यावर मोठमोठे सिद्धांत मांडायचो. वय वाढतं तसा माणूस सुरांकडून लयीकडे जातो, वगैरे. अक्का 'असेल' म्हणायच्या. एकादशीला तिरुविडैमरुदूरला त्यांच्या भावाकडे विठ्ठलाचं भजन असायचं. अक्का तिथे पुढे बसून सांगायच्या आणि बाकीचे मागून म्हणायचे. एका एकादशीला मीही गेलो होतो. त्या दिवशी अक्का मागच्या रांगेत बसल्या. परत येताना बसमध्ये मला म्हणाल्या, "आतांशा टाळ फार हळू वाजवितात, नाहीं?" माझ्या कानात तोवर टाळांचा झणत्कार भरून राहिला होता. मला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

मग तो मंगळवार आला. अल्बम मी नेला होता, एका जपानी बाईंचा. सुरुवातीला ढोल, मग लाकडी पट्ट्या, मग एकेक वाद्य कमी होत होत शेवटच्या तुकड्यात फक्त काचेच्या लहान लहान घंट्या. नखानं वाजवल्यासारख्या, एकमेकींपासून लांब लांब. मी डोळे मिटून ऐकत होतो. संपल्यावर अक्कांनी खुर्चीत पाठ टेकली. मग म्हणाल्या, "बाई धीट आहे. सगळें वाजवून जालें, आणि शेवटीं कांहींच वाजविलें नाहीं. इतका वेळ नुसतें गप्प बैसली... ऐसें कोणी करीत नाहीं. ह्या वर्षाचें उत्तम हेंच."

मी हसायच्या बेतात होतो. मग त्यांचा चेहरा पाहिला. त्या अगदी मनापासून बोलत होत्या. आणि मला तो बसमधला टाळ आठवला. डोळे तपासायच्या तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसताना दिसते म्हणणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. माणसाचा चेहरा त्यांना लगेच वाचता यायचा.

"वाजत होतें काय त्यांत?"

"हो, अक्का."

"काय?"

"घंट्या. बारीक."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "पुन्हां लाव." मी लावलं. आवाज होता तेवढा वाढवला. त्या उठून स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या, मान कलती करून. काचेच्या कपाटातल्या फ्रेमा किणकिणायला लागल्या, इतका आवाज. वरून अंबुजानं विचारलं, काय चाललंय. अक्कांनी मला आवाज कमी करायला सांगितला आणि येऊन खुर्चीत बसल्या. "सांग. कैशा वाजतात?"

मी सांगायला लागलो. एक घंटा वाजते, तिचा आवाज विरत जातो, पूर्ण विरायच्या आत दुसरी वाजते, जराशी वरच्या सुरात. मग थांबते. पहाटे अंगणातल्या तारेवरचं दव एकेक थेंब पडावं तसं... मी तो तुकडा तसाच, संपेपर्यंत सांगत राहिलो. अक्का ऐकत होत्या. डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "सरि," त्या म्हणाल्या. "ऐकिलें. तरी माझेंच चांगलें आहे. तुझ्या घंट्यांपेक्षां तिनें गप्प बैसणें बरें होतें." आणि त्या दुपारी आम्ही खरोखरच त्यावर भांडलो. शटर वर ढकलायची वेळ झाली तरी त्या मागे हटल्या नाहीत. एकाच अल्बमच्या दोन प्रती होत्या, एक माझी आणि एक त्यांची, आणि त्यांची सरस होती, असं त्यांचं म्हणणं. घरी जाऊन मी तो पुन्हा ऐकला, तेव्हा शेवटचा तुकडा येण्याआधीच बंद केला आणि तेवढा वेळ तसाच बसून राहिलो. त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं.

अंबुजा त्यांना तंजावूरला डॉक्टरकडे घेऊन गेली. वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कितीतरी दिवसांपासून कमी होत गेलं होतं. कानाला यंत्र लावा म्हणाले. अक्का आठवडाभर नाही म्हणत राहिल्या. शेवटी अंबुजानं त्यांना गिऱ्हाइकासारखं समोर बसवलं आणि चष्म्याला लाजणाऱ्या बायकांना अक्का जे जे सांगायच्या ते शब्दन् शब्द त्यांनाच ऐकवलं. मग लावलं. माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. भजनातले टाळ परत आले, पण "पत्र्याचे होऊन आले" असं त्या म्हणाल्या. गाण्याचं तर यंत्रातून भुस्काटच व्हायचं. म्हणून मंगळवारी अल्बम सुरू करायच्या आधी त्या यंत्र काढून डबीत ठेवायच्या, आणि भांडायची वेळ झाली की पुन्हा घालायच्या.

ते शेवटचे मंगळवार मला सगळ्यात जास्त आठवतात. वरचं मी त्यांना सांगायचो आणि खालचं त्या मला. मी जन्मभर गाण्याचा वरचाच थर ऐकत आलो होतो, हे मला तेव्हा कळलं. "हा बासवाला बघ," त्या म्हणायच्या, "प्रत्येक कडव्याच्या आधीं कचरतो. जाऊं कां नको ऐसें करतो. गाणारीला ठाऊक नाहीं, पण तो तिच्यासाठीं थांबला आहे." मी पुन्हा लावून बघायचो, तर खरंच तो थांबलेला असायचा.

माझी बदली झाली. मी सांगलीला परतलो. फोनवर त्यांना नीट ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही लिहायचो, मी देवनागरीत, त्या तमिळ अक्षरांत. अल्बमचं नाव, आणि खाली दोन-तीन ओळींचं भांडण. गेल्या पोंगलनंतर एकदा जाऊन आलो तेव्हा त्या थकल्यासारख्या वाटल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "तूं तिकडे गेलास तेव्हांपासून मी माझ्याच बाजूनें ऐकतें. वरतीं काय चाललें आहे, कोणी सांगत नाहीं." आणि लगेच, "सरि, बस जाईल, नीघ."

त्या गेल्यावर काही आठवड्यांनी कुंभकोणमला गेलो. दुकान उघडं होतं. अंबुजानं गल्ल्यावर एक मुलगी ठेवली आहे. अंबुजा मला घेऊन जिना चढून तिच्या तपासायच्या खोलीत गेली. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. अंधारी खोली, भिंतीवर तक्ता, पेशंटची उंच खुर्ची. "बैसा अण्णा. अम्मा येथेंच बैसत असे." मला कळेना. मग तिनं सांगितलं. रोज दुकान बंद केल्यावर अक्का वर यायच्या, त्या खुर्चीत बसायच्या आणि अंबुजाची गाणी ऐकायच्या. अंबुजा नव्या सिनेमांची गाणी ऐकते, तमिळ, तेलुगू, जे येईल ते. आमच्या मंगळवारांत सिनेमाचं नावही कधी निघालं नव्हतं. "तंबीला सांगूं नको म्हणाली," अंबुजा म्हणाली, आणि मी आल्यापासून पहिल्यांदाच हसली.

मग तिनं त्या महिन्यात आलेल्या एका सिनेमाची गाणी लावली. मी त्या उंच खुर्चीत बसलो. पाय अधांतरी. तिसऱ्या गाण्यात एकदम सगळी व्हायोलिनं उसळून आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे फार गोड होतंय." अंबुजा काचांचा ट्रे पुसत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"अम्माहि ऐशा गाण्यांना हेंच म्हणे. आणि मग म्हणे, पुन्हां लाव."

गाणं संपलं. ती फोनकडे हात नेऊन थांबली.

"लावा," मी म्हणालो.