आधी शिडी, मग दर

औषधांच्या कारखान्यात गोळ्या डब्यांत भरायच्या विभागात ती एकोणीस वर्षं होती. तिथल्या बायकांनी तिचं नाव ठेवलं होतं नाकमुरडी. दुसऱ्याच्या कपातून ती घोटभर पाणी प्यायची नाही, जेवायच्या आधी टेबल दोनदा पुसायची, आणि जवळपास कुणी शिंकलं तर तिचा चेहरा असा व्हायचा की शिंकणाऱ्यालाच अपराध्यासारखं वाटावं. या बाईने पुढे लोकांच्या छपरांच्या पन्हळी साफ करायचा धंदा काढला, हे जुन्या मैत्रिणींना कितीतरी दिवस खरंच वाटलं नाही.

झालं असं, की कारखान्यात गोळ्या भरणारं यंत्र आलं आणि अख्खा विभाग घरी बसला. त्याच सुमाराला तिच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. छपराच्या कडेची पन्हळ तुंबली होती आणि सगळं पाणी भिंतीत मुरत होतं. नळवाला म्हणाला, "मी घराच्या आतलं बघतो, पन्हळ माझ्याकडे येत नाही." छपरवाला म्हणाला, "एवढ्याशा कामाला कोण येणार?" नवरा शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच लटपटायला लागला. तो मुळातच उंचीला भिणारा. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. शेवटी तिनेच बाह्या सरसावल्या. शिडी धरायला नणंद आली. नणंद वयाने मोठी, अंगाने भरभक्कम, बिनलग्नाची, टपाल कार्यालयाच्या पार्सल खिडकीवरून नुकतीच निवृत्त झालेली. ती शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली की शिडी जागची हलायची नाही.

वर तिने हात घातला तो थंड, काळ्या, लिबलिबीत लगद्यात. कुजलेली पानं, त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, आणि कधीकाळी चिमणीचं पिल्लू असावं असं काहीतरी. ती खाली उतरली, कुंपणाशी जाऊन ओकली, चूळ भरली आणि पुन्हा वर चढली.

"राहू दे आता," नणंद म्हणाली.

"ताई, हे माझ्या उशीच्या वर होतं," ती म्हणाली. "इतके महिने मी याच्याखाली झोपत होते."

संध्याकाळपर्यंत पन्हळ लख्ख झाली. शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. ते म्हणाले, "आमचीही करून दे की. काय घेशील?" तिने तोंडाला आला तो आकडा सांगितला, दीडशे. काकांनी इतक्या पटकन हो म्हटलं, तेव्हाच तिला कळलं की आकडा फार कमी सांगितला.

काकांच्या पन्हळीने दीड दिवस खाल्ला. पाणी खाली आणणाऱ्या नळीत मेलेला उंदीर बसला होता, तो तारेने ओढताना दोन तुकड्यांत आला. हातमोजे, साबण, फाटलेल्या पिशव्या आणि घाण टाकून यायला भाड्याची गाडी, एवढं वजा करून उरलं ते नवऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं नाही, एवढीच त्याची माणुसकी.

नणंदेने मात्र तिला चांगलंच फैलावर घेतलं. "पस्तीस वर्षं मी खिडकीवर बसले. पार्सल तोलल्याशिवाय कधी तिकीट लावलं नाही. आणि तू खाली उभी राहून वरचा दर सांगतेस?"

त्या दिवसापासून नियम ठरला. आधी शिडी लावायची, वर चढून पन्हळ सगळीकडून बघायची, मग दर. लांबी फुटांवर मोजायची. दुमजली घर असेल तर दीडपट, कारण खाली पडायला अंतरही तेवढंच जास्त. खाली उतरणाऱ्या नळ्यांचे वेगळे. नुसती कोरडी पानं असतील तर स्वस्त, ओला गाळ असेल तर बादलीमागे वेगळा आकार. वर्षातून दोनदा बोलावणाऱ्याला सूट. नणंदेने हे सगळं आपल्या टपाली अक्षरात कागदावर उतरवलं, त्याच्या प्रती काढल्या आणि घरोघरी दाराच्या फटीतून सरकवल्या. खाली दोघींचा फोन नंबर.

बोलावणी यायला लागली. घाणीची तिला जेवढी किळस यायची, त्याहून जास्त माणसांची यायला लागली ती तेव्हापासून. "पानं तर काढायची आहेत, पानांचे एवढे?" असं म्हणणारे गृहस्थ वर काय साचलंय ते बघायला मान वर करायलाही तयार नसत. एकाने सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं गच्चीवरून पन्हळीत टाकली होती; भिजून त्यांचा पिवळा चिखल झाला होता. एका घरात बाळाचे वापरलेले लंगोट निघाले, पिशवीत नीट गाठ मारून वरच्या खिडकीतून टाकलेले. तिने ते खाली आणले तेव्हा घरची बाई रुमाल नाकाला लावून म्हणाली, "हात धुवायला आत येऊ नका हं. रस्त्यापलीकडे नळ आहे. आमच्याकडे फार स्वच्छता असते."

ती रस्ता ओलांडून गेली, कोपरापर्यंत हात धुतले. नणंद तिच्याकडे बघून म्हणाली, "स्वच्छतेचा आकार कागदावर घालायचा राहिलाच." त्यावर दोघी इतक्या हसल्या की नळाशी उभा असलेला दूधवाला भांबावला.

दातांच्या डॉक्टरचं बोलावणं आलं ते दुसऱ्या वर्षी. म्हातारा गृहस्थ, दवाखाना बंद करून घरी बसलेला. घर दुमजली, पांढरंशुभ्र, पायऱ्यांवर चपलांची रांग फूटपट्टीने आखल्यासारखी. मागच्या बाजूला दोन खोल्यांत भाडेकरू राहत होती, कपडे शिवणारी बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. डॉक्टर म्हणाला, "वर चढायची गरज नाही. मी सांगतो, पानंच आहेत."

"आधी शिडी," नणंद म्हणाली, आणि शिडी लावलीसुद्धा.

पुढच्या पन्हळीत खरंच पानं होती. मागच्या बाजूला गेल्यावर तिचा हात थांबला. पन्हळीत कबुतरं होती. काही फुगलेली, काही नुसती पिसं आणि हाडं, काहींच्या चोचीजवळ अजून निळसर रंगाचे दाणे. तिने मोजली, एकोणीस. त्यांच्यावरून पाझरलेलं तेलकट पाणी नळीच्या तोंडाशी जमलं होतं. नळी कुठे जाते म्हणून तिने खाली वाकून बघितलं. नळी मागच्या टाकीत उतरत होती, आणि टाकीचा नळ शिवणाऱ्या बाईच्या मोरीत.

ती खाली आली तेव्हा डॉक्टर वाट बघत होता.

"हे विषाचे दाणे कुणी टाकले?" तिने विचारलं.

"कबुतरं फार घाण करायची," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "तुम्ही पिशव्यांत भरा आणि घेऊन जा. दुप्पट देतो. मागच्या बाईला काही बोलू नका, उगाच घाबरेल ती."

"तुमच्या घरात हेच पाणी येतं?"

"आमची लाइन वेगळी आहे. आणि मी तिला पाणी उकळून वापरायला सांगितलंय."

पन्हळी साफ करताना तिला कितीतरी वेळा मळमळलं होतं. पण ते पोटाचं होतं, थोडी मोकळी हवा लागली की जायचं. हा माणूस घडीचा रुमाल हातात धरून, स्वच्छ नखांनी पाकीट उघडत समोर उभा होता, आणि त्याच्याकडे बघून तिला जे वाटलं ते हवेने जाणारं नव्हतं. तिने त्याच्या पुढ्यातून वळून सरळ मागचं दार वाजवलं.

शिवणाऱ्या बाईच्या हातात टाचण्या होत्या. तिने सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन नळ बंद केला आणि दाराच्या चौकटीला टेकली. "दोन महिने हिचं पोट दुखतंय," ती म्हणाली. "मी म्हणत होते, शाळेत जायला नको म्हणून नाटक करते. परवा मारलं मी तिला."

नणंदेने एक कबुतर पिशवीत घालून बांधलं आणि ती त्या मायलेकींना घेऊन इस्पितळात गेली. तिथून आरोग्य खात्याची माणसं आली, त्यांनी टाकी रिकामी करून कुलूप लावलं. उरलेली पन्हळ तशीच राहिली. झालेल्या कामाचेही पैसे मागायला कुणी गेलं नाही.

डॉक्टरने गल्लीभर सांगितलं, की या दोन बायका वर काहीही नेऊन टाकतात आणि मग सापडलं म्हणतात. त्या गल्लीतली पाच ठरलेली घरं एका आठवड्यात गेली. एका बाईने तर फोनवर "आमच्या घराला पन्हळच नाहीये" असं सांगितलं. तिच्याच पन्हळीतून यांनी वसंतात सात बादल्या काढल्या होत्या.

"चुकलं का आपलं?" तिने त्या दिवशी नणंदेला विचारलं.

"पाच घरं गेली," नणंद म्हणाली. "चुकलं म्हणायला झोपही जायला हवी होती, ती गेली नाही."

मुलीचं पोट तीन आठवड्यांत ठीक झालं. शिवणाऱ्या बाईने दुसरीकडे खोल्या घेतल्या आणि माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायला सुरुवात केली, "तुमच्या छपराचं पाणी कुठे जातं, बघितलंय का कधी?" त्यातून हळूहळू शहराच्या दुसऱ्या टोकाची घरं मिळाली. गेलेल्या पाचांच्या जागी नऊ व्हायला वर्ष लागलं.

आता तिचं नाव बऱ्यापैकी झालंय. दरही वाढवलाय, घासाघीस करणाऱ्याला ती सरळ शिडी दाखवते, वर जाऊन बघा म्हणते. किळस मात्र तसूभर कमी झाली नाही. नवरा विचारतो, सवय कशी होत नाही? ती म्हणते, ज्याला सवय झाली त्याला मी बघितलंय.

दुपारी नणंद गाळाच्या पिशव्यांशेजारीच डबा उघडून बसते. नाकमुरडी मात्र चार घरं लांब जाऊन, हात तीनदा धुऊन, पाठ फिरवून जेवते.