नदीच्या डाव्या काठची ममा

त्या रविवारी दुपारी वरच्या मजल्यावरची बाई किंचाळली तेव्हा मी कांदा चिरत होते. आधी काहीतरी जड पडलं, माझ्या स्वयंपाकघरातला दिवा हलला आणि मग ती किंकाळी. एकदाच नाही. प्रत्येक धपक्याबरोबर एक.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या त्या भागात येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. मोटारींच्या कारखान्यात काम करणारी आमची मराठी मंडळी बहुतेक नदीच्या जवळपास राहायची. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या या करड्या, चौकोनी इमारतींकडे कोणी फिरकत नसे. "तिकडे कशाला घेतलंत घर?" असं गणपतीच्या आरतीला मला एकदोघींनी विचारलंही होतं. दुसरीकडे मिळालं नाही म्हणून घेतलं, हे खरं उत्तर. नवरा आईंच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला होता. इमारतीत माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.

वरच्या माणसाला तेवढं पाहिलं होतं. पस्तिशीचा, नीटनेटका, शिफ्टवरून येताना न चुकता 'ग्रूस गॉट' असा नमस्कार करणारा. एकदा माझी तांदळाची पिशवी त्यानेच वर आणून दिली होती. त्याची बाई खाली मान घालून जिना उतरायची, एवढंच मला माहीत होतं.

मी गॅस बंद केला आणि वर गेले. काय करणार होते ते मला आजही सांगता येणार नाही. मी बेल दाबायच्या आतच दार उघडलं आणि ती बाहेर पडली, गुडघ्यांवर. नाकातून रक्त वाहत होतं, एक कान लाल होऊन सुजला होता. मागून त्याचा हात आला आणि त्याने तिचे केस धरले. मी तिचा दंड धरला. काही क्षण आम्ही दोघं तिला ओढत होतो आणि ती मधोमध कण्हत होती. मग त्याने केस सोडले आणि दार जोरात आपटलं. माझं मनगट चौकटीत होतं.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुखायला नंतर लागलं.

त्याने दार पुन्हा उघडलं, माझ्या पोटात लाथ घातली आणि मी भिंतीवर जाऊन आदळले. तो ओरडत नव्हता. हळू आवाजात, जणू समजावून सांगतोय असं, म्हणाला, "हे तुझं काम नाही."

तेवढ्यात खालून आवाज सुरू झाला. लोखंडी कठड्यावर लोखंड आपटत होतं. ठण, ठण, ठण. कान फाटतील असा तो आवाज जिन्यातून वर चढत येत होता. तळमजल्यावरची काळी बाई एका हातात बिडाच्या भांड्याचं झाकण घेऊन कठड्यावर हाणत वर येत होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, घरातल्या सपाता घातलेली. दारं उघडायला लागली. समोरचे म्हातारे आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "रविवार आहे आज, जरा शांतता..." आणि त्यांना रक्त दिसलं. मग त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली, "पोलिसांना फोन लाव."

मी डाव्या हाताने त्या बाईला उठवलं आणि ओढत माझ्या घरात नेलं. तो मागे आला. मधल्या पायऱ्यांवर ती खालची बाई उभी राहिली. त्याने तिला ढकललं तर ती हलली नाही. मग त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिची भुवई फाटली आणि ती पायऱ्यांवर बसली. बसल्या बसल्याही ती झाकण वाजवत राहिली. माझ्या दारावर लाथा बसू लागल्या. खालची फळी आत चिरत आली. मी न्हाणीघरात त्या बाईला मागे घेऊन बसले होते, कात्री डाव्या हातात. ती सारखी एकच म्हणत होती, "तो रागावलाय, तो रागावलाय."

पोलीस आले तेव्हा त्याने शर्ट पँटमध्ये खोचला आणि म्हणाला, "आल्झो, म्हणजे तसं सगळं ठीक आहे. थोडा वाद झाला." तो इतका सभ्य आवाज होता की त्यातल्या तरुण पोलिसाने क्षणभर माझ्याकडेच संशयाने पाहिलं. मग त्याची नजर माझ्या मनगटाकडे गेली.

इस्पितळात मी आणि ती तळमजल्यावरची बाई एका बाकावर बसलो होतो. मी एक्स-रेसाठी, ती टाक्यांसाठी. ती एका वृद्धाश्रमात काम करायची. मी तिचे आभार मानायला लागले तर तिने थांबवलं.

"मला ममा म्हण," ती तिच्या फ्रेंच वळणाच्या जर्मनमध्ये म्हणाली. "आमच्याकडे आईच्या वयाच्या सगळ्यांना तसंच म्हणतात."

आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, असं मी सांगितलं तेव्हा तिला हसू आलं आणि जखम ताणली म्हणून ती लगेच विव्हळली.

मग मी विचारलं, झाकण वाजवायचं तिला कसं सुचलं.

ती काँगो नदीवरच्या एका शहरातली होती. विषुववृत्त तिथून हाकेच्या अंतरावर. शहर उजव्या काठाला. तिथे मोठा बाजार, चर्च, वीज. तिची वस्ती डाव्या काठाला. पूल नाही. होडीतून जायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. "शहरातले लोक म्हणायचे, तिकडे काय आहे? चिखल आणि चोर," ती म्हणाली. लढाई झाली तेव्हा सैनिक नदी ओलांडून त्यांच्या गल्लीत आले, घराघरातून बायकांना ओढू लागले. तेव्हा बायकांनी ठरवलं की एका दारावर लाथ पडली की बाकी सगळ्यांनी भांडी वाजवायची. 

"पहिल्यांदा ते पळून गेले," ममा म्हणाली. "दुसऱ्यांदा त्यांनी आवाजाच्या दिशेने गोळ्या झाडल्या."

"मग आज भीती नाही वाटली?"

"वाटली ना. सपाता पण बदलल्या नाहीत बघ मी."

नर्सने तिला आत बोलावलं.

नवऱ्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. आईंनी फोन घेतला. "अगं, परक्या देशात कशाला पडायचं मधे?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, मारून टाकली असती हो तिला." त्यावर त्यांनी विचारलं, "हाताला प्लास्टर नीट घातलंय ना?"

प्लास्टरमुळे मी घरीच होते. ममा सुट्टीच्या दिवशी मला बाहेर काढायची. रुळांपलीकडचा तो भाग मी तिच्यामागून चालत पाहिला. तुर्की बेकरी, जुन्या मालगाड्यांच्या रुळांलगतच्या छोट्या बागा, भोपळे विकणारी क्रोएशियन आजी. पण सगळंच गोड नव्हतं. ममाच्या सायकलची दोन्ही चाकं कोणीतरी चाकूने फाडली. माझ्या पत्रपेटीवर एकदा कोणीतरी थुंकून गेलं. वरच्याला घरात पाऊल टाकायची बंदी होती, पण त्याची गाडी अधूनमधून कोपऱ्यावर उभी दिसायची. तो आत बसून आमच्या खिडक्यांकडे बघत असायचा. मी किल्ल्या मुठीत धरून चालायला शिकले.

ती बाई फ्राउएनहाउसमध्ये, मार खाल्लेल्या बायकांच्या आश्रयगृहात, गेली होती. कोर्टात ती दिसली तेव्हा तिची तब्येत सुधारलेली होती. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "काय झालं त्या दुपारी?" 

"मी पडले," ती म्हणाली. "बाथरूममध्ये."

माझ्या शेजारी ममाने डोळे मिटून घेतले.

माझ्या मनगटासाठी आणि ममाच्या भुवईसाठी त्याला शिक्षा झाली, पण बेव्हेरुंगवर. म्हणजे नीट वागला तर तुरुंग नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा त्याची गाडी समोर उभी होती. त्याची बाई रस्ता ओलांडून गेली, पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. मी हाक मारणार होते. ममाने माझी बाही धरली.

"चल, जेवू," ती म्हणाली.

तिच्या स्वयंपाकघरात तिने कच्ची केळी तळली आणि मासे शिजवले. जेवण अर्धं झालं असताना तिचा फोन वाजला. पडद्यावर एक बाई होती, ममासारखेच खांदे, जबड्याच्या एका बाजूला खोल वण. ममाची धाकटी बहीण. दुसऱ्या वेळची गोळी तिला लागली होती, हे मला तेव्हा कळलं. ती अजून त्याच गल्लीत राहते, होड्या लागतात तिथे मासे विकते. तिने फोन फिरवला. तांबडा चिखल, फळकुटांच्या टपऱ्या, पोरं, आणि मागे इतकी रुंद नदी की पलीकडचं शहर एक रेघ वाटत होतं.

बहिणीने काहीतरी विचारलं. ममाने मला सांगितलं, "तुझं घर दाखव म्हणतेय."

मी फोन घेऊन खिडकीशी गेले आणि बाहेर धरला. पार्किंग, कचऱ्याचे रंगीत डबे, तारेवर कुणाच्या तरी चादरी. तिने बराच वेळ पाहिलं.

"आणि नदी?" तिने विचारलं.

"लांब आहे," ममा म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला.