साहेबांची पाच पुस्तकं

वर्ष सरत आलं की साहेब पाच पुस्तकांची नावं जाहीर करायचे. साहेब म्हणजे शून्यातून सॉफ्टवेअरची कंपनी उभी केलेले आणि आता दुसऱ्यांच्या नव्या कंपन्यांत पैसा घालणारे गृहस्थ. त्यांनी नाव घेतलं की ते पुस्तक बघता बघता दुकानांतून गायब व्हायचं. शाळा सुटल्यापासून ज्यांनी पुस्तकाचं तोंड पाहिलं नव्हतं तेही ते काखोटीला मारून विमानतळावर फिरताना दिसायचे. एवढ्या धबडग्यात हा माणूस वाचतो तरी कधी, याचं सगळ्यांना नवल.

वाचायच्या बाई.

बाई पूर्वी सार्वजनिक वाचनालयात होत्या. साहेब शिकत असताना खोलीवर पाय पसरायला जागा नाही म्हणून तिथे येऊन बसत, आणि बाई त्यांना नियम बाजूला ठेवून एक पुस्तक जास्तीचं देत. पुढे वाचनालयाला टाळं लागलं. तेव्हा साहेबांनी बाईंना शोधून काढलं.

“मला वाचायला सवड नाही आणि वाचल्याशिवाय चैन पडत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही भरपूर वाचा. त्यातली निवडक मला द्या, तेवढी मी नक्की वाचीन.”

आणि ते वाचायचे. त्यात फसवाफसवी नव्हती. पुस्तकं कोण निवडतं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. कुणी विचारलं नाही, इतकंच.

सुरुवातीची वर्षं बाईंनी अशा माणसाला जे शोभेल असं वाटलं तेच निवडलं. यश कसं मिळवावं, यंत्रं पुढे काय करतील, बाजार का कोसळतात. यादी निघायची, चार लोक माना डोलवायचे. तशा याद्या गल्लोगल्ली निघत होत्या.

बाईंचे यजमान बंदरावर क्रेन चालवायचे. सगळे त्यांना क्रेनमास्तर म्हणत. दिवसभर त्या उंच काचेच्या खोक्यात एकटे बसायचे, आणि खाली उतरले की दिवसभराची कसर भरून काढल्यासारखे बोलत सुटायचे. आज कुठलं जहाज लागलं, कुठल्या खोक्यातून कसला वास येत होता, कोणता पक्षी क्रेनच्या टोकावर येऊन बसला. बाई वाचत असल्या तरी ते थांबायचे नाहीत. “अगं, पुस्तक कुठे पळून जातंय का? माझं ऐक आधी.”

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. महिन्याभराने दोन शब्द परत आले: ‘बरं’ आणि ‘नको’. बाकीचे आलेच नाहीत. चाळीस वर्षं दिवसातून पन्नासदा ऐकलेलं ‘अगं’सुद्धा नाही.

बाई साहेबांकडे नोकरी सोडायला गेल्या. साहेब म्हणाले, “घरी बसून वाचा की. पुस्तकं मी पाठवतो. इथे येऊन तरी तुम्ही काय करता, वाचताच ना?”

म्हणून मग दुपारचं जेवण भरवून झालं की बाई पलंगाशी खुर्ची ओढून वाचायला बसत. खोली लहान होती. पलंग, खुर्ची, औषधांचं टेबल, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप. मनातल्या मनात वाचलं तर क्रेनमास्तर दाराकडे बघत बसायचे. ते बघवेना म्हणून बाई मोठ्याने वाचू लागल्या. पहिलं पुस्तक होतं यशस्वी माणसांच्या सवयींचं. तीन पानं झाली असतील नसतील, क्रेनमास्तर म्हणाले, “नको.”

“अहो, कामाचं आहे माझ्या.”

“नको,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

आठवडाभर हेच. मग साहेबांच्या गठ्ठ्यातून चुकून आल्यासारखं एक पुस्तक निघालं, नदीतून समुद्रात अंडी घालायला जाणाऱ्या माशांचं. कुणा गंभीर माणसाने लिहिलेलं, चित्रं नाहीत, मजा नाही. बाईंनी नाइलाजाने उघडलं. पहिलं प्रकरण संपवून त्यांनी वर पाहिलं तर क्रेनमास्तर त्यांच्याकडेच बघत होते.

“बरं,” ते म्हणाले.

“बरं म्हणजे? पुढे वाचू?”

“बरं.”

बाईंनी ते पुस्तक साहेबांना दिलं. देताना धाकधूक होती. हे काय पाठवलंत म्हणून विचारतील असं वाटलं. साहेबांनी ते यादीत पहिलं लावलं.

तिथून पुढे निवड क्रेनमास्तरांची. ज्याला त्यांनी ‘बरं’ म्हटलं ते पुढे जाई, ‘नको’ म्हटलं ते परत पुस्तकांच्या खोक्यात. बुडालेल्या जहाजांचं पुढे गेलं, लोखंड कसं गंजतं याचं गेलं, एका बाईने एकटीने बर्फात काढलेल्या हिवाळ्याचं गेलं. मोठमोठ्या पदव्यांच्या लेखकांना पलंगावरून नकार मिळाला. आणि साहेबांच्या यादीची कीर्ती वाढत चालली. लोक म्हणू लागले, या माणसाची नजर दूरवर आहे. एका वर्तमानपत्रात तर कुणा विद्वानाने लिहिलं की माशांचं पुस्तक सुचवून साहेबांनी येत्या काळातल्या बाजाराची दिशा दाखवली आहे. बाईंनी तो लेख क्रेनमास्तरांना वाचून दाखवला. त्यांचा अर्धाच चेहरा हसू शकत होता, पण तो पोटभर हसला.

बाईंनी साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की तुमची पुस्तकं माझा नवरा निवडतो, ज्याने जन्मात एक पुस्तक वाचलं नाही?

मुलगी परगावी असायची. तिची नोकरी, तिची लहान मुलं. वर्षाकाठी एकदोनदा यायची आणि आल्यावर घर घासूनपुसून काढायची. ते तिचं प्रेम होतं. एकदा ती आली तेव्हा बाई वाचत होत्या. मुलगी पलंगाच्या पायथ्याशी धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत उभी राहिली.

“आई, घसा बसलाय तुझा. कशाला ओरडून वाचतेस?”

“बाबांना आवडतं.”

“बाबांना काय कळतंय आता?” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. “मी डॉक्टरांशी बोलले. बाबांपर्यंत काही पोचत नाही म्हणाले. बरं आणि नको हे आपोआप येतं, उचकी लागल्यासारखं. तू स्वतःची समजूत घालून घेतेस नुसती.”

बाईंनी पुस्तकात खूण घातली. क्रेनमास्तर खिडकीकडे बघत होते. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मुलीने हरतऱ्हेने भरवायचा प्रयत्न केला, त्यांनी ओठ उघडले नाहीत. अपचन असेल, असं दोघींनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली.

पण मुलीचं बोलणं बाईंच्या मनात काट्यासारखं सलत राहिलं. खरंच उचकी असली तर? मग इतकी वर्षं आपण कुणाला वाचून दाखवलं? त्यांचं वाचन ढिलं पडलं. ‘बरं’ ऐकलं तरी आनंद होईना. वाचता वाचता डोळा लागायचा, मध्येच एखादा परिच्छेद गाळायच्या.

एक दिवस त्या एका जुन्या समुद्रप्रवासाचं पुस्तक वाचत होत्या. वादळ आलं होतं, डोलकाठी मोडली होती, आणि बाईंना झोप अनावर झाली होती. प्रकरण एकदाचं संपावं म्हणून त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि जिथे जहाज किनाऱ्याला लागलं तिथून वाचायला सुरुवात केली.

“नको,” क्रेनमास्तर म्हणाले.

बाई तशाच वाचत राहिल्या.

“नको. नको.” त्यांनी डावा हात पुढे काढला, पुस्तकाच्या कडेवर ठेवला आणि पान मागे ढकललं. एकदा ढकललं, पुन्हा ढकललं, डोलकाठी मोडली होती त्या पानापर्यंत. मग बाईंकडे बघितलं, पूर्वी क्रेनवरून उतरल्यावर कुणाची कामचुकारी सांगताना बघायचे तसं.

बाईंची झोप उडाली. त्यांनी गाळलेली पानं वाचली. वादळात दोन खलाशी वाहून गेले, तिसऱ्याने स्वतःला सुकाणूला बांधून घेतलं. संपलं तेव्हा क्रेनमास्तरांनी डोळे मिटले आणि ते म्हणाले, “बरं.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. आधी आनंदाने. आणि मग एकाएकी त्यांना आठवलं ते पलंगाच्या पायथ्याशी चादरीची घडी घालणारी लेक, तिचं बोलणं, आणि त्या रात्रीचं ते बंद तोंड. क्रेनमास्तरांना सगळं कळत होतं. तेही कळलं होतं.

त्यानंतर दीड वर्ष बाईंनी एक ओळ गाळली नाही. एका सकाळी तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन त्या आल्या तेव्हा क्रेनमास्तर गेलेले होते. झोपेतच दुसरा झटका आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू आता सारख्या दिसत होत्या. मुलगी आली, ढसाढसा रडली, पंधरा दिवस राहिली, आणि आईला सोबत चल म्हणाली. बाई म्हणाल्या, हातातलं काम उरकून येते.

पण काम होईना. खोके येत राहिले. बाई पुस्तक उघडायच्या, वाचायच्या, संपवायच्या, आणि ते चांगलं की वाईट हे त्यांना सांगता यायचं नाही. सगळी सारखीच वाटायची. वर्ष संपत आलं तरी साहेबांना एकही नाव गेलं नाही, तेव्हा साहेब स्वतः घरी आले. पलंग काढून टाकलेल्या त्या खोलीत खुर्चीवर अवघडून बसले.

“घाई नाही, बाई,” ते म्हणाले. “तुमच्यावर काय गुजरलंय ते मला दिसतंय. या वर्षी दोनच द्या, नाहीतर एकच.”

“मला निवडता येत नाही, साहेब.”

“तुम्हाला? गेल्या सहा वर्षांसारखी निवड कुणाची नव्हती.”

“ती माझी नव्हती,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. मासे, गंज, भिंतीकडे फिरवलेलं तोंड, मागे ढकललेली पानं. लेक काय बोलून गेली तेही सांगितलं. साहेब खाली मान घालून ऐकत होते.

मान वर करून ते म्हणाले, “मला वाटायचं, माझी आणि तुमची आवड जुळते. एका माणसाची ओळख झाल्यासारखं वाटायचं ती पुस्तकं वाचताना. भेटायला हवं होतं त्यांना.” मग म्हणाले, “शेवटचं कुठलं चाललं होतं?”

बाईंनी दाखवलं. खडकांबद्दलचं होतं, निम्म्याच्या जरा पुढे खूण होती.

“हे एकच नाव देतो यंदा.”

“नको, साहेब. त्यांचं ऐकून संपलं नव्हतं. त्यांनी बरं म्हटलेलं नाही.”

“मग निदान त्यांच्याबद्दल बोलू द्या मला. लोक माझं नाव घेतात. ते श्रेय त्यांचं आहे, हे लोकांना कळायला नको?”

क्षणभर बाईंच्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखा झाला. सगळ्या जगाने क्रेनमास्तरांचं नाव घ्यावं, असं कुणाला वाटणार नाही? पण त्यांनी मान हलवली.

“तुम्ही बोललात की ते छापून येईल. माझी लेक वाचेल. बाबांना शेवटपर्यंत समजत होतं हे तिला कळलं, तर आपण त्यांच्यासमोर काय बोललो ते तिला आठवल्यावाचून राहील का? ते ओझं तिला नको. ती वाईट नाही हो. दमली होती.”

साहेब उठले. दारात बाईंना नमस्कार करून ते गेले. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की यंदा वाचन झालं नाही. लोकांनी त्यातूनही अर्थ काढले. पुढच्या वर्षापासून ऑफिसातली तरुण मंडळी यादी करू लागली, आणि ती यादी पुन्हा गल्लोगल्लीच्या याद्यांसारखी झाली.

बाई मुलीकडे राहायला गेल्या. पुस्तकं सगळी परत पाठवली, खडकांचंसुद्धा. नातवंडांचे डबे भरायच्या, कपडे वाळत घालायच्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसायच्या. एका दुपारी दोघी मायलेकी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होत्या. मुलगी घडीचं एक टोक धरून मध्येच थांबली.

“आई, एक विचारू? बाबांना खरंच काही कळत होतं का गं? तू वाचायचीस ते?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बापाचेच डोळे होते ते. सांगितलं असतं तर निदान या एका माणसाशी क्रेनमास्तरांबद्दल मनसोक्त बोलता आलं असतं. उरलेल्या आयुष्यात दुसरं कुणी नव्हतं, ज्याच्याशी बोलावं.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले तेच खरं. मीच आपली माझ्यासाठी वाचत होते.”

मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि चादरीचं टोक आईच्या हातात दिलं.