कूमनं बसवलेले वायपर

वितोमिर साठी उलटल्यावर दारूला लागला, ही बातमी आमच्या ब्रेस्तोव्हा गावात जानेवारीतल्या पहिल्या मोठ्या बर्फाबरोबर आली आणि बर्फाच्या आधी घरोघर पोचली. दुकानातली देसा सांगत होती की लाकूड वाहणाऱ्यांनी त्याला घाटात पाहिलं. दर दोन वळणांनी गाडी थांबवतो, खाली उतरतो, स्वतःच्याच गाडीच्या काचेवर थपडा मारतो आणि पुन्हा आत जाऊन बसतो. दार उघडलं की आतून राकियाचा, आमच्या घरगुती दारूचा, भपकारा. आणि शेजारी आजारी बायको बसलेली, बिचारी.

आता मी त्याची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. त्याच्या घरी आज कोबी शिजतोय की घेवडा, हे मला त्याच्या आधी कळतं. म्हणून सांगते, वितोमिर पीत नाही. त्याची गाडी पिते. राकियाच्या भट्टीतून पहिली जी जळजळीत धार उतरते ती माणसानं प्यायची नसते. ती आम्ही गुडघे चोळायला ठेवतो आणि हिवाळ्यात गाडीची काच धुवायच्या पाण्यात ओततो, म्हणजे पाणी गोठत नाही. वास येणारच. थपडा म्हणाल तर त्या वायपरला होत्या, बर्फ झटकायला. ही दुरुस्ती मी गावभर हिंडून केली, पण खऱ्या गोष्टीला कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही.

हा वितोमिर म्हणजे अबोल माणूस. आयुष्यभर डेअरीचा दुधाचा टँकर याच घाटातून नेला. दूध नासलं असेल, पण उशिरा पोचलं असं कधी झालं नाही. कौतुक करायचं तर गाईचं करणार, माणसाचं नाही. बायको स्तामेना याच्या अगदी उलट, हसरी, जिभेची तिखट. गेल्याच्या गेल्या वर्षी तिची मूत्रपिंडं थकली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार घाटापलीकडच्या शहरात, इस्पितळात यंत्राला लावून तिचं रक्त धुवायचं. "मला धुऊन वाळत घालून येतात," असं ती म्हणायची. पण एखादी फेरी चुकली की पाय सुजायचे, दम लागायचा, आणि मग ती थट्टा करेनाशी व्हायची. इस्पितळाची गाडी आमच्या बाजूला येते, पण बर्फ सारणारं यंत्र येऊन गेल्यावर, आणि ते यंत्र आमच्याकडे जेवणं आटोपून येतं. म्हणून वितोमिरच तिला नेतो. नेताना दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून.

घोळ झाला तो कूममुळे. लग्नात जो साक्षीला उभा राहतो आणि पुढे पोरांचा बाप्तिस्मा करवतो, तो कूम, आणि मग दोघंही एकमेकांना कूमच म्हणतात. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडता येतं, बांधावरून कोर्टात जाता येतं, पण कूमशी वाकडं घेता येत नाही. वर देव, खाली कूम. वितोमिरचा कूम स्रेत्को शहरात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. माणूस सोन्यासारखा, फक्त स्वतःच्या मालावर जरा जास्तच प्रेम. स्तामेना पहिल्यांदा यंत्राला लागली तेव्हा दुकान बंद करून दिवसभर इस्पितळाच्या बाकड्यावर बसून राहिला होता.

डिसेंबरात वितोमिरच्या कुळाच्या संताचा, संत निकोलाचा सण. घर पाहुण्यांनी भरलेलं. स्रेत्को आला तो हातात लांबट खोका घेऊन. आतून नवे वायपर निघाले. चकचकीत, बिजागऱ्या-बिजागऱ्यांचा लोखंडी सांगाडा आणि वर माशाच्या पंखासारखा पंख. सगळ्या पाहुण्यांना अंगणात बोलावून त्यानं ते स्वतःच्या हातानं बसवले, ग्लास उंचावला आणि म्हणाला की हे माझ्या कूमला अख्खा हिवाळा घाटावरून नेतील-आणतील. स्तामेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी केकचा दुसरा तुकडा घेत होते, तरी माझ्याही आलं.

ते वायपर पावसात झकास चालले. पण घाटातला बर्फ त्या बिजागऱ्यांत शिरून बसायचा आणि तिथेच गोठायचा. मग पातं काचेला टेकेचना. दोन्ही टोकं पुसायची आणि मधली पट्टी तशीच राहायची, नेमकी वितोमिरच्या डोळ्यांसमोरची. वितोमिरनं काय नाही केलं. रात्री वायपर काचेपासून उचलून उभे केले, त्यांना स्तामेनाचे लाल लोकरी मोजे चढवले. अंगणात ती गाडी मोजे घालून हात वर केल्यासारखी उभी. मी कुंपणावरून विचारलं, "शेजारी, हिला शरण जायला कुणी सांगितलं?" तो हसला नाही. एका वळणावर समोरून येणारं लाकडाच्या ट्रकचं धूड त्याला अगदी शेवटी दिसलं होतं, हे मला स्तामेनानं नंतर सांगितलं. गाडी कठड्याला घासली. त्या रात्री तो जेवला नाही.

काढून टाकायचे, दुसरे बसवायचे, असं तुम्ही म्हणाल. स्रेत्कोचं दुकान आहे शहराच्या तोंडाशी, इस्पितळाकडे वळतात त्या नाक्यावर. गाडी दिसली की तो बाहेर येऊन हात हलवतो. पण आधी नजर वायपरकडे, मग कूमकडे.

एका शनिवारी वितोमिर माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, डोंगराच्या त्या बाजूच्या गावात जायचंय, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, आणि तुला बोलायला येतं, तू चल. तोंड असं की जणू बँक लुटायला निघालाय. दोघं एका गाडीतून निघालो हे देसानं पाहिलं, त्याची वेगळी बातमी झाली. ती मी दुरुस्त केली नाही, या वयात तेवढंच मिळतं.

तिथल्या दुकानातल्या बाईनं तीन तऱ्हेचे वायपर काढून ठेवले. माझ्या बोलण्याची गरजच पडली नाही. वितोमिरनं हातमोजा काढून प्रत्येकाचं रबर चिमटीत धरून पाहिलं. मग बाईची परवानगी घेऊन तिन्ही बाहेर पायरीवरच्या बर्फात पुरून ठेवले आणि आम्ही आत कॉफी प्यायलो. काढून आणले तेव्हा एकाचं रबर वाळक्या चीजच्या सालीसारखं ताठलं होतं. दुसरा सपाट, सांगाडाच नसलेला, थंडीत छान वाकत होता, पण त्याची खीळ वितोमिरच्या जुन्या गाडीच्या दांड्याच्या आकड्यात बसेना. तिसऱ्याचा अख्खा सांगाडा काळ्या रबराच्या खोळीत शिवल्यासारखा, म्हणजे बर्फाला आत शिरायला जागाच नाही. दिसायला मात्र अगदीच ध्यान. मी म्हटलं, विधवेच्या काळ्या मोज्यासारखं दिसतंय हे. तो म्हणाला, "मला नटून जायचं नाहीये, पोचायचंय."

सोमवारपासून घाटात काच स्वच्छ. आणि सोमवारपासूनच त्याची लबाडी सुरू. घाट उतरला की चुन्याची एक जुनी भट्टी आहे, तिथून शहर दिसत नाही. तिथे तो गाडी बाजूला घ्यायचा, हिवाळी वायपर काढून डिकीत घोंगडीखाली दडवायचा आणि कूमचे चढवायचा. परतताना पुन्हा भट्टीपाशी उलटी अदलाबदल. टँकरच्या स्टिअरिंगनं त्याची बोटं आधीच सांध्यांत सुजलेली, त्यात ती थंडी. कधी खीळ निसटायची, कधी बोट सोलायचं. स्तामेना आत बसून बघायची. मला म्हणाली, "एवढ्या वर्षांत यानं माझ्याशी कधी लपवाछपवी केली नाही. आता करतोय ती कूमशी, आणि तीही रबराची." थट्टेनं सुरू केलं आणि मधेच थांबली. सांगून टाक, असं तिनं त्याला कितीदा म्हटलं. तो म्हणायचा, हिवाळा सरू दे.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी घाट बंद झाला आणि तिची फेरी चुकली. शुक्रवारपर्यंत तिचे पाय बुटात जाईनात, वितोमिरचे लोकरी जोडे घालून निघाली. दोन शब्द बोलली की धाप लागायची. मला मागच्या सीटवर तिच्याजवळ बसायला घेतलं. वरती वारा असा की गाडी ढकलली जात होती, पण त्या कुरूप वायपरनी काच आरशासारखी ठेवली. घाट उतरलो तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला असेन.

आणि त्यानं भट्टीपाशी गाडी बाजूला घेतली.

मी म्हटलं, आज नको. स्तामेना डोळे मिटून म्हणाली, "राहू दे रे आज." तो म्हणाला, एकच मिनिट, आणि उतरला. एका बाजूचा बदलून झाला. दुसऱ्याचं पातं काढलं, नुसता लोखंडी दांडा वर धरलेला, त्याला स्प्रिंगचा ताण. सुन्न बोटांतून दांडा सुटला आणि उघडं टोक काचेवर आपटलं. आवाज काही फार मोठा नव्हता. पण गाडी जुन्या काळची, काचही तशीच. क्षणात सगळी बारीक तड्यांनी भरली आणि दह्यासारखी पांढरी झाली. आरपार काही म्हणजे काही दिसेना.

तो बाहेर तसाच उभा राहिला, काढलेलं पातं हातात घेऊन. मग त्यानं इस्पितळात फोन लावला. त्यांची गाडी दुसरीकडे गेली होती, यायला वेळ लागणार होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खालच्या नाक्यावरून लगेच वर येऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि त्यालाच हे दिसता कामा नये म्हणून तर सगळा खटाटोप.

मी खाली उतरून त्याला म्हटलं की फोन कर आणि सांग, वरून दगड आला. तुझे हे हिवाळी वायपर मी माझ्या कोटात घालते. विचारलंच तर भाकरीवर हात ठेवून शपथ घेईन, मला सवय आहे. दोन्ही मी काखेत दाबलेसुद्धा. त्यानं बाजूच्या खिडकीतून स्तामेनाकडे पाहिलं. तिचे ओठ निळसर पडले होते आणि ती आम्हाला काहीच बोलत नव्हती, टोमणासुद्धा नाही. त्यानं फोन लावला. "कूम, चुन्याच्या भट्टीपाशी ये. काच फुटली. स्तामेना गाडीत आहे." मग माझ्या काखेतून ते वायपर ओढून घेतले आणि समोर बॉनेटवर ठेवून दिले.

स्रेत्को दुकानातल्या डगल्यावरच आला, टोपीसुद्धा न घालता. त्याची व्हॅन थांबते न थांबते तोच वितोमिरनं स्तामेनाला उचललं आणि व्हॅनमध्ये बसवायला नेलं. स्रेत्को फुटलेली काच बघायला पुढे आला आणि बॉनेटपाशी थबकला. त्याचा जन्म या धंद्यात गेलेला, त्याला काय सांगायचं होतं? एका दांड्यावर त्याचा चकचकीत वायपर, दुसरा दांडा उघडा, आणि समोर परक्या दुकानातले दोन, रबर झिजलेले, म्हणजे कालपरवाचे नव्हेत. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रिकामी काखच घट्ट दाबून धरली.

त्यानं तो काळा वायपर उचलला, वाकवून पाहिला, पुन्हा ठेवला. त्याचा चेहरा असा झाला, जणू चारचौघांत कुणी थोबाडीत मारली.

"चाळीस माणसांसमोर या हातांनी बसवले होते मी," तो म्हणाला. "नको होते तर तोंडावर सांगायचंस, कूम. माझ्या दुकानावरून जाताना हात हलवत होतास. इतका परका झालो मी तुला?"

वितोमिर व्हॅनच्या दारात वाकून स्तामेनाच्या गुडघ्यांवर घोंगडी खोचत होता. स्रेत्को जागचा हलेना. त्याच्या उघड्या डोक्यावर बर्फ साचायला लागला होता.

मग वितोमिर सरळ झाला, त्यानं व्हॅनचं दार लावलं आणि म्हणाला, "कूम, रुसायला तुला अख्खा हिवाळा पडलाय. आधी गाडी चालू कर, हिला उशीर होतोय."